अहवालात ‘व्यसनाकडे कल: जास्त’ असं आलंय. मुलाला काय सांगू?

अर्धविराम

बाबा दारूने गेले. काकाही. धाकटा भाऊ दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात राहून आलाय. त्याचं दारूवरून गोळ्यांवर गेलं, तेवढाच काय तो फरक. मी आजवर घोटभरही घेतलेली नाही. यात माझं कौतुक काही नाही, लहानपणीचा तो वास अजून नाकातून गेलेला नाही इतकंच.

मध्यंतरी हौस म्हणून एका कंपनीकडून डीएनए चाचणी करून घेतली. नळीत थुंकायचं, पाठवून द्यायचं, महिन्याभराने पंचवीसेक पानांचा रंगीत अहवाल येतो. टक्कल पडेल का, दूध पचतं का, असलंच सगळं. शेवटून तिसऱ्या पानावर लाल पट्टी: ‘व्यसनाधीनतेकडे कल: जास्त’. खाली डीआरडी२ असं एका जनुकाचं नाव आणि ‘तुमच्या मेंदूला समाधान उशिरा मिळतं’ अशा अर्थाचं एक वाक्य.

अहवाल मेजावर पडला होता. मुलगा सोळाचा आहे, त्याने वाचला. रात्री जेवताना विचारलं, "म्हणजे मलापण लागणार का?" मी ‘जेव आधी’ म्हणून वेळ मारून नेली.

जाणकारांनी सांगा, हे रक्तातून किती येतं? आणि मेंदूत नेमकं होतं काय? ‘मन खंबीर हवं’ हा सल्ला आमच्या घरात तीस वर्षं वापरून झालाय, तेवढा वगळा.

शंकासुर

नावाला जागून शंका काढतो. बाप पितो, घरात बाटली असते, पोरगं ते बघत मोठं होतं आणि एक दिवस स्वतः ओतून घेतं. यात जनुक कुठून आलं? भाषासुद्धा आईबापांकडूनच येते, म्हणून मराठीचं जनुक असतं असं कुणी म्हणत नाही.

आणि एकदा ‘रक्तातच आहे’ म्हटलं की पिणाऱ्याला रान मोकळं.

पेशीपुराण

शंकासुर, भाषेचं उदाहरण झकास आहे. तुमची ही शंका तपासायचा एक सरळ मार्ग होता: पिणाऱ्या बापाचं मूल जन्मल्याबरोबर दुसऱ्या घरात वाढलं तर काय होतं ते बघायचं. डेन्मार्कमध्ये दत्तकविधानाच्या नोंदी चोख ठेवलेल्या असतात. डोनाल्ड गुडविन यांनी १९७३ साली त्यातून ५५ पुरुष शोधले. सगळे अगदी तान्हेपणी दत्तक गेलेले आणि जन्मदात्यांपैकी एकाला दारूचं व्यसन. त्यांच्यापैकी १८ टक्क्यांना व्यसन लागलं होतं. जन्मदात्यांना व्यसन नव्हतं अशा दत्तक मुलांमध्ये हेच प्रमाण ५ टक्के. पुढच्या वर्षी त्यांनी आणखी एक तुलना केली. दत्तक गेलेला एक भाऊ आणि पिणाऱ्या बापाजवळच वाढलेला दुसरा. दोघांच्या प्रमाणात फारसा फरक निघाला नाही.

अभ्यास छोटा होता हे खरं. पण नंतर स्वीडनमध्ये केनेथ केंडलर आणि सहकाऱ्यांनी १८,११५ दत्तक मुलांच्या नोंदी तपासल्या, त्या अमली पदार्थांसाठी (२०१२). जन्मदात्यांपैकी कुणाला व्यसन असेल तर मुलांमध्ये ८.६ टक्के, नसेल तर ४.२ टक्के. म्हणजे साधारण दुप्पट. आता याच आकड्याकडे उलट्या बाजूने बघा: जन्मदाते व्यसनी असूनही ९१ टक्क्यांहून जास्त मुलांच्या नोंदीत व्यसन नाही. त्याच अभ्यासात हेही दिसलं की ज्या दत्तक घरात मृत्यू, घटस्फोट, दारू, गुन्हे असली उलथापालथ होती तिथे रक्ताकडून आलेला धोका जास्त फोफावला. तेव्हा तुमची बाटली-घरात-असते ही बाजूही पूर्ण खोटी नाही.

जुळ्यांच्या अभ्यासांमधून दारूच्या व्यसनाची आनुवंशिकता ५० टक्क्यांच्या आसपास येते, कोकेनची ७० पर्यंत जाते. हा आकडा सगळेच चुकीचा वाचतात. ५० टक्के म्हणजे ‘तुम्हाला लागण्याची शक्यता ५० टक्के’ असं अजिबात नाही. हजार माणसं घेतली, त्यातली काही व्यसनात पडली, काही नाही पडली. या माणसामाणसांतल्या फरकातला साधारण निम्मा फरक जनुकांच्या फरकाने समजावता येतो, एवढंच. एकट्या माणसाबद्दल हा आकडा गप्प असतो.

लाल पट्टीबद्दल सवडीने लिहितो, तिचा इतिहास मजेशीर आहे.

धूरकेतू

खुर्ची ओढून बसलोय. अठरा वर्षं ओढली, चार वर्षं सोडून झाली, अजून स्वप्नात सिगरेट पेटवतो आणि दचकून उठतो.

मज्जारज्जू

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, रोजचं काम याच विषयातलं. मेंदूत काय होतं ते सांगतो, लांबेल.

१९५४ साली जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवली आणि कळ दाबली की तिथे विजेचा हलका झटका बसेल अशी सोय केली. तारेचं टोक काही ठराविक जागी असलं की उंदीर ती कळ दाबतच सुटायचे. तेव्हा वाटलं, मेंदूतलं ‘सुखाचं केंद्र’ सापडलं. पुढे कळलं की या वाटेवरचा मुख्य निरोप्या डोपामिन नावाचं रसायन आहे. मध्यमेंदूतल्या एका लहानशा भागातून (व्हेंट्रल टेगमेंटल एरिया) निघून ते न्यूक्लियस अ‍ॅकम्बन्स या भागात पोहोचतं. जवळजवळ सगळी व्यसनं या चौकातून जातात, फक्त येण्याचे रस्ते वेगळे. कोकेन डोपामिन परत शोषून घेणारी दारं बंद करतं, त्यामुळे सोडलेलं डोपामिन तिथेच साचतं. अ‍ॅम्फेटामिन त्याच दारांतून ते उलटं बाहेर ढकलतं. हेरॉइन आणि मॉर्फिन डोपामिनच्या पेशींवर नजर ठेवणाऱ्या पेशींना गुंगवतात, म्हणजे पहारेकरी झोपले. निकोटिन पेशींना थेट टोचून जागं करतं. दारू मात्र एका कुलपाची किल्ली नाही, ती दहा ठिकाणी हात घालते.

इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. पुढचा भाग महत्त्वाचा आहे आणि तोच सांगायचा राहून जातो. डोपामिन म्हणजे सुख हे समीकरण चुकीचं निघालं.

वोल्फ्राम शुल्ट्झ माकडांच्या मेंदूतल्या याच पेशी ऐकत होते. माकडाला अचानक रसाचा थेंब मिळाला की पेशी जोरात बोलायच्या. मग थेंबाच्या आधी दिवा लावायला सुरुवात केली. काही दिवसांत पेशी दिव्यालाच बोलू लागल्या आणि रस आला तेव्हा गप्प. दिवा लागूनही रस आला नाही, तर ठरल्या क्षणाला त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही खाली जायचा. म्हणजे त्या पेशी हिशेब ठेवतात: अपेक्षा किती होती आणि मिळालं किती. अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की ‘हे लक्षात ठेव’ असा शिक्का मारतात. रोजच्या गोष्टींची सवय झाली की शिक्का थांबतो. कोकेन मात्र औषधाच्या जोरावर दर खेपेला शिक्का मारायला लावतं, अनुभव कितीही शिळा झाला तरी. मेंदूला दर वेळी वाटतं, हे अपेक्षेपेक्षा मोठं घबाड आहे.

दुसरं काम केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांचं. त्यांनी उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळपास संपवून टाकलं. ते उंदीर अन्नासमोर उपाशी बसून राहायचे. पण कुणी तोंडात साखरेचं पाणी घातलं तर पूर्वीसारखेच मिटक्या मारायचे! आवडत होतं, हवं होत नव्हतं. मराठीत यासाठी दोन नेमके शब्द आहेत: आवड आणि ओढ. डोपामिन ओढीचं रसायन आहे. व्यसन मुरत जातं तशी ओढ वाढत जाते आणि आवड आहे तिथेच राहते किंवा घटते. माझ्यासमोर बसणारे निम्मे रुग्ण हेच सांगतात, ‘आता मजा येत नाही हो, पण राहवत नाही.’ घरच्यांना हे ढोंग वाटतं.

कंपवाताच्या काही रुग्णांना डोपामिनसारखं काम करणारी प्रामिपेक्सोलसारखी औषधं दिली जातात. त्यातल्या काहींना आयुष्यात कधी नव्हता तो जुगाराचा नाद लागतो आणि औषध कमी केल्यावर बहुतेकांचा ओसरतो. ओढ ही काय चीज आहे याचा यापेक्षा उघडा पुरावा मला माहीत नाही.

चिमणीदात

मग ते डोपामिन डिटॉक्स की काय ते करावं का? एक दिवस मोबाइल बंद वगैरे?

मज्जारज्जू

मोबाइल जरूर बंद ठेवा. डोपामिन मात्र चालू राहू द्या, त्याच्याशिवाय खुर्चीतून उठता येणार नाही.

कोरडा_दिवस

अकरावं वर्ष चालू आहे.

आवड आणि ओढ वाचून थोडा वेळ तसाच बसलो. शेवटची दोन वर्षं मला दारूची चव सहन होत नव्हती. सकाळी पहिला घोट नाक दाबून घ्यायचो, उलटी व्हायची, पुन्हा घ्यायचो. आवड असती तर नाक कशाला दाबलं असतं.

आणि ते शुल्ट्झसाहेबांच्या दिव्याचं. माझा दिवा म्हणजे बाटलीच्या झाकणाची ती सील तुटतानाची करकर. घसा कोरडा असायचा, हात थरथरत असायचे. करकर ऐकली की हात स्थिर. अजून पोटात थेंब गेलेला नाही, तरी! आता साध्या पाण्याच्या बाटलीचं झाकण कुणी फिरवलं तरी मान वळते. अकरा वर्षांनी.

एक विचारायचंय. सुरुवातीची पाचसात वर्षं मला चढायचीच नाही. सगळे आडवे व्हायचे आणि मी एकेकाला घरी पोहोचवायचो. लोक म्हणायचे, याच्यासारखा पचवणारा नाही. मलाही वाटायचं की मी सुरक्षित आहे, व्यसन लागेल ते त्या दोन पेगात रडणाऱ्यांना. त्यातल्या एकालाही लागलं नाही. हा निव्वळ योगायोग का?

मज्जारज्जू

कोरडा_दिवस, योगायोग नाही. या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न तुम्ही विचारलात.

मार्क शुकिट यांनी विशीतल्या तरुणांना प्रयोगशाळेत मोजून दारू दिली. किती चढली, तोल किती गेला, सगळं टिपलं. काही जण व्यसनी बापांचे मुलगे, काही नाहीत. व्यसनी कोणीच नव्हतं. साधारण दहा वर्षांनी त्यांना पुन्हा गाठलं (१९९४). व्यसनी बापांच्या मुलांपैकी ज्यांना त्या दिवशी कमी चढली होती, त्यांच्यातले ५६ टक्के दारूच्या व्यसनात होते. ज्यांना चांगली चढली होती, त्यांच्यातले १४ टक्के.

ज्याला दोन पेगात गरगरतं त्याचं शरीर त्याला थांबवतं. ज्याला काहीच होत नाही त्याला कोण थांबवणार? तो इतरांइतकाच परिणाम गाठायला दुप्पट पितो, तशाच पिणाऱ्यांत बसतो, आणि मेंदूवर शिक्के मात्र दुप्पट दारूचे बसतात. ही कमी चढण्याची गोष्ट बऱ्याच अंशी आनुवंशिक आहे. लोक तिचं कौतुक करतात, हा भाग सोडा.

पेशीपुराण

याच धाग्याला माझा धागा जोडतो, कारण व्यसनाच्या जनुकशास्त्रात ज्या दोनतीन गोष्टी घट्ट उभ्या राहिल्या त्या सगळ्या याच जातीच्या आहेत. ‘सुखाची भूक’ वगैरे काही नाही. शरीर ‘पुरे’ कधी म्हणतं, याची जनुकं आहेत ती.

दारू यकृतात दोन टप्प्यांत मोडते. पहिल्यात तिचं अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं, ते विषारी. दुसऱ्यात एएलडीएच२ नावाचं एन्झाइम त्याची विल्हेवाट लावतं. पूर्व आशियातल्या साधारण तिसऱ्या हिश्श्याहून जास्त लोकांमध्ये या एन्झाइमच्या जनुकात एका अक्षराचा बदल असतो आणि ते जवळपास निकामी होतं. असा माणूस प्यायला की विष साचतं, चेहरा लालबुंद, छाती धडधड, मळमळ. एकाच पालकाकडून हा बदल आला तरी धोका बराच कमी होतो. दोघांकडून आला असेल तर व्यसनी माणूस सापडणं अगदी दुर्मीळ. सगळ्या मनोविकारांच्या जनुकशास्त्रात इतका जोरदार परिणाम करणारा एकटा बदल फार क्वचित दिसतो. आणि तो मेंदूत नाहीच, यकृतात आहे!

आता शंकासुरांसाठी खाऊ. जपानमध्ये दारूच्या व्यसनावर उपचार घेणाऱ्यांत हा एकेरी बदल असलेले किती, हे हिगुची आणि सहकाऱ्यांनी तपासलं. १९७९ मध्ये २.५ टक्के, १९८६ मध्ये ८, १९९२ मध्ये १३. तेरा वर्षांत कुणाची जनुकं बदलत नाहीत. बदललं ते आजूबाजूचं पिणं. शरीर ‘पुरे’ ओरडत असताना लोक पीत राहिले.

सिगरेटचंही तसंच. १५ व्या गुणसूत्रावर सीएचआरएनए५ नावाचं जनुक आहे, २००८ मध्ये एकदम तीनचार गटांना सापडलं. त्याच्या एका रूपाने माणूस जास्त ओढतो. का? २०११ मध्ये उंदरांवर उत्तर मिळालं. निकोटिनचा डोस वाढत गेला की साधा उंदीर एका टप्प्यावर कळ दाबणं कमी करतो, त्याला ते नकोसं होतं. हे जनुक काढून टाकलेला उंदीर थांबतच नाही. मेंदूतल्या हॅबेन्यूला नावाच्या इवल्याशा भागात ते जनुक परत बसवलं, तर ब्रेक पुन्हा लागला.

धूरकेतू

म्हणजे मला जे लोक म्हणायचे ‘पहिल्याच झुरक्याला ठसका लागला, परत हात नाही लावला’ ते माझ्यापेक्षा शहाणे नव्हते तर! त्यांचा हॅबेन्यूला शाबूत होता. अठरा वर्षं उगाच शरमलो.

कोरडा_दिवस

पेशीपुराण, तो लालबुंद होण्याचा प्रकार मी अनुभवलाय, तोही गोळीने. पहिल्या खेपेला डायसल्फिराम, म्हणजे दारू सोडवायची गोळी, चालू होती. बायको रोज सकाळी समोर उभी राहून द्यायची. एकदा मी ती जिभेखाली ठेवून थुंकून टाकली असं मला वाटलं आणि संध्याकाळी प्यायलो. अर्ध्या तासात वाटलं छाती फुटणार.

पेशीपुराण

अगदी तेच. ते औषध एएलडीएच२ लाच बंद पाडतं, म्हणजे गोळीच्या रूपात तो जनुकबदल. शोधाची गोष्टही गंमतशीर आहे. १९३७ मध्येच एका डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं की रबराच्या कारखान्यात याच जातीच्या रसायनांत काम करणाऱ्यांना दारू सोसत नाही. मग चाळीसच्या दशकात कोपनहेगनचे हाल्ड आणि याकोबसेन हेच डायसल्फिराम जंतावरचं औषध म्हणून तपासत होते. स्वतः घेऊन बघितलं, नंतर सहज थोडी दारू घेतली आणि दोघेही आजारी पडले.

बरं, आता लाल पट्टी. १९९० मध्ये ७० मृत व्यक्तींच्या मेंदूचे नमुने तपासून ब्लम आणि नोबल यांनी जाहीर केलं की डीआरडी२ या डोपामिनच्या रिसेप्टरच्या (पेशीवरची, डोपामिन येऊन चिकटतं ती जागा) जनुकाचं एक रूप दारूच्या व्यसनाशी जोडलेलं आहे. वर्तमानपत्रांनी ‘दारूचं जनुक सापडलं’ म्हणून दवंडी पिटली. त्याच वर्षाच्या अखेरीस दुसऱ्या गटाने तपासलं, त्यांना संबंध दिसला नाही. मग वर्षानुवर्षं कधी हो, कधी नाही. २००४ मध्ये तर असं निघालं की ज्या खुणेवरून हे सगळं चाललं होतं ती डीआरडी२ मध्ये नाहीच, शेजारच्या एएनकेके१ या जनुकात आहे. पत्ताच चुकलेला.

आज चित्र काय आहे? २०१९ मध्ये १२ लाख लोकांचा डीएनए एकत्र करून तंबाखू आणि दारूच्या सवयी तपासल्या, तर ४०६ ठिकाणी मिळून ५६६ बदल सापडले. डीआरडी२ चा परिसर मोठ्या अभ्यासांत पुन्हा दिसतो, अगदीच बाद झालेला नाही, पण शेकड्यांतला एक म्हणून. एकेकाचा वाटा चिमटीएवढा. त्यातला एक उचलून कुणाला ‘कल: जास्त’ म्हणणं म्हणजे महाभारताचं एक पान वाचून युद्ध कोण जिंकलं ते सांगणं.

अर्धविराम, तुमच्या घरातली तीन माणसं त्या पट्टीपेक्षा कितीतरी जास्त माहिती देतात. ती फुकट होती.

अवांतर: गांजा मेंदूतल्या ज्या रिसेप्टरला चिकटतो, तिथे चिकटणारं शरीराचं स्वतःचं रसायन १९९२ मध्ये जेरुसलेमला सापडलं. त्याचं नाव ठेवलं आनंदामाइड. आपल्या ‘आनंद’वरूनच.

शंकासुर

मान्य, मान्य. दत्तक मुलांपुढे माझी बाटली फुटली. पण मग मला व्हिएतनामचं उत्तर द्या. युद्धात अमेरिकन सैनिकांपैकी साधारण पाचव्या हिश्श्याला हेरॉइनची सवय लागली होती. ली रॉबिन्स यांनी परतल्यावर त्यांचा माग काढला. तिथे व्यसनी होते त्यांच्यापैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात पडलेले जेमतेम ५ टक्के! मेंदूवर कायमचे शिक्के बसतात तर ते विमानात पुसले गेले?

मज्जारज्जू

उत्तम प्रश्न, आणि यावर आमच्यातच एकमत नाही. १९९७ मध्ये अ‍ॅलन लेश्नर यांनी ‘व्यसन हा मेंदूचा आजार आहे’ हे सूत्र ठामपणे मांडलं, नोरा व्होल्कोव्ह ते पुढे चालवतात. जीन हेमन, कार्ल हार्ट यांच्यासारखे संशोधक म्हणतात की परिस्थिती बदलली, हातात दुसरं काही धरण्यासारखं आलं, की बहुतेक लोक स्वतःहून सोडतात. याला आजार कसं म्हणायचं? माझं स्वतःचं मत मधलं आहे. ‘आजार’ शब्दाने रुग्णाची शरम कमी होते म्हणून मी तो वापरतो. पण तो ऐकून काहीजण हातपाय गाळतात, तेव्हा वापरत नाही.

व्हिएतनामबद्दल: शिक्का संकेतांवर असतो. कोरडा_दिवस यांची झाकणाची करकर आठवा. सैनिकांची करकर हजारो मैल मागे राहिली. जो आपल्याच खोलीत, आपल्याच मित्रांत व्यसनी झाला तो केंद्रातून बाहेर पडून त्याच दारात परत जातो. शिवाय त्यांच्यातले बरेच जण भीती आणि कंटाळ्यापोटी वळलेले होते. एरवी हेरॉइनच्या वाटेला गेले नसते. एका अमेरिकन सर्वेक्षणाचे (१९९४) आकडेही लक्षात ठेवण्यासारखे आहेत: एकदा तरी वापरलेल्यांपैकी पुढे कधीतरी व्यसनी झालेले तंबाखूत ३२ टक्के, हेरॉइनमध्ये २३, कोकेनमध्ये १७, दारूत १५, गांजात ९. हेरॉइनसुद्धा चारातल्या तिघांना सोडून जातं. आणि तंबाखू, जिला कुणी ड्रग म्हणत नाही, ती सगळ्यात वर.

मेंदू सावरतोही. मेथअ‍ॅम्फेटामिन घेणाऱ्यांमधली डोपामिन शोषणारी घटलेली दारं वर्षभराहून जास्त काळ कोरडं राहिल्यावर बऱ्यापैकी भरून आलेली व्होल्कोव्ह यांच्या गटाने २००१ मध्ये दाखवली. सगळं पूर्ववत होतं असं नाही.

रात्रपाळी

मी अतिदक्षता विभागात नर्स आहे. चर्चा वाचून दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एक. सिगेल यांचा १९८२ चा उंदरांचा प्रयोग. हेरॉइनची सवय लावलेल्या उंदरांना शेवटी मोठा डोस दिला. नेहमीच्याच खोलीत दिला तेव्हा ३२ टक्के मेले. तेवढाच डोस, तेवढीच सवय, फक्त खोली नवी, तर ६४ टक्के. सवय नसलेले ९६ टक्के. शरीर खोली ओळखून आधीच तयारीला लागतं, अनोळखी जागी ती तयारी होत नाही. आमच्याकडे येणारे तरुण बऱ्याचदा केंद्रातून नुकतेच बाहेर पडलेले असतात. डोस जुना, शरीर नवं. घरच्यांना वाटतं, सुटला होता ना? सुटला होता म्हणूनच तर. ज्यांच्या घरी अफूजन्य गोळ्या किंवा हेरॉइनचा इतिहास आहे त्यांनी नॅलोक्सोनबद्दल (अफूजन्य औषधांचा जीवघेणा डोस उलटवणारं औषध) डॉक्टरांना विचारून ठेवा.

दोन. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरी एका झटक्यात बंद करू नका. दारू मेंदूला सतत दाबून ठेवते आणि मेंदू उलटा जोर लावत असतो. दाब एकदम गेला की तो जोर उसळतो. दोनतीन दिवसांत झटके येऊ शकतात, भास होऊ शकतात, माणूस दगावूही शकतो. खोलीत कोंडून ‘सोडवलेले’ मी पाहिलेत. दवाखान्यात करा.

धूरकेतू

दुसऱ्या मुद्द्याला +१. आमच्या शेजाऱ्यांचं असंच झालं होतं. जास्त लिहीत नाही.

अर्धविराम

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. काल मुलाला घेऊन बसलो. पट्टीचा इतिहास सांगितला, पत्ता चुकल्याचं ऐकून तो हसला. मग म्हटलं, लागेलच असं काही नाही, पण इतरांपेक्षा तुझ्या वाटेत उतार जास्त असू शकतो. आणि कधी घेतलीस, सगळ्यांना चढली आणि तुला काहीच झालं नाही, तर खूश होऊ नकोस, मला फोन कर. कितीही वाजलेले असू देत.

थोडा विचार करून म्हणाला, "पण तुम्ही कधी घेतलीच नाहीत. मग तुम्हाला चढली असती की नाही, हे कळणार कसं?"

नाही कळणार, म्हटलं.

रात्री धाकट्याला फोन केला. बऱ्याच महिन्यांनी. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, पहिल्यांदा घेतलीस तेव्हा चढली होती का रे? आधी म्हणाला, हे काय मधेच. मग म्हणाला, "नाही ना. तीन झाले तरी सरळ चालत होतो. बाबा होते तिथे. पाठीवर थाप मारून सगळ्यांना सांगत होते, बघा, पोरगं माझ्यावर गेलंय."